समोर बघणारा फोटो

"याला जरा जागं करा, मास्तर," हमीदभाई म्हणाले आणि त्यांनी माझ्यासमोर टेबलावर एक मेलेला माणूस ठेवला.

म्हणजे त्याचा फोटो ठेवला. खुर्चीत बसवलेला, भिंतीला टेकवलेला, कपाळाला बुक्का, गळ्यात हार, डोळे मिटलेले. मान पडू नये म्हणून मागून कुणीतरी धरलेलं होतं आणि त्या धरणाऱ्याची चार बोटं खांद्यावर दिसत होती. बोटं काढायची आणि डोळे घालायचे, एवढं माझं काम.

ही कुर्डुवाडीची गोष्ट. तेव्हा आमच्या भागात माणसाचा फोटो निघायचा लग्नात किंवा मेल्यावर. पहिल्या वेळी जो निसटायचा, तो दुसऱ्या वेळी हमखास सापडायचा. तिरडी बांधेपर्यंत हमीदभाई कॅमेरा घेऊन हजर असत. पण मिटल्या डोळ्यांचा फोटो घरात लावत नाहीत, अशुभ असतं. म्हणून मग तो नूर फोटो स्टुडिओच्या मागच्या खिडकीशी यायचा. तिथे शाळा सुटल्यावर मी बसलेला असायचो. ब्लेडच्या टोकाने पापण्या खरवडायच्या आणि बारीक ब्रशने बुबुळं भरायची. सकाळी मी पोरांना घडा, वांगं आणि सूर्योदय शिकवायचो, संध्याकाळी मेलेल्यांना बघायला लावायचो. सकाळच्यापेक्षा संध्याकाळचे शांत बसत.

हा जोडधंदा मी निवडला तो विचार करून. ड्रॉइंगमास्तराच्या पगारात महिना बसत नव्हता आणि ड्रॉइंगच्या शिकवणीला कुणाचा बाप पोरगा पाठवत नाही. आमच्या घरून सूचना आली होती की दुकानांच्या पाट्या रंगवा. पण मुख्याध्यापक गोसावी सरांनी मला बोलावून सांगितलं, "शिक्षकाने शिडीवर चढू नये. खाली विद्यार्थी असतात." मग उरलं हे. हातातलं कसब कामी येतं, बसून करता येतं, आणि ज्याचं काम करायचं तो तक्रार करायला येत नाही. पहिल्या दिवशी घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलं. पुढे तर मी शेजारी भज्यांचा कागद ठेवून डोळे उघडू लागलो. फोटोला तेल लागू नये, एवढीच काळजी.

अडचण एकच होती. डोळे कसे होते, ते कुणाला सांगता यायचं नाही. ज्या बाईच्या शेजारी बसून माणूस जन्मभर जेवला, तिचे डोळे कसे होते विचारलं की तो म्हणायचा, "डोळे? डोळ्यासारखेच की." मुलगा म्हणायचा मोठे, सून म्हणायची बारीक, म्हातारी बहीण म्हणायची दादाला चष्मा होता. पहिल्यांदा एका आजीचे डोळे काढायची वेळ आली तेव्हा माझा हात अडला. मग मला जे डोळे पाठ होते ते मी काढले. पाठ होते गोसावी सरांचे. रोज प्रार्थनेच्या वेळी तेच माझ्यावर रोखलेले असायचे.

घरच्यांनी फोटो बघितला आणि हंबरडा फोडला. "हुबेहूब आमची आई."

मग मी सगळ्यांनाच ते देऊ लागलो. किराणा दुकानदार, सुईण, निवृत्त पोस्टमन, दोन सवती, झाडून सगळे कुर्डुवाडीतल्या भिंतींवरून गोसावी सरांच्या डोळ्यांनी बघू लागले. कुणी हूं की चूं केलं नाही. एकदा खुद्द सर एका विद्यार्थ्याच्या घरी तक्रार घेऊन गेले आणि परत येऊन स्टाफरूममध्ये म्हणाले, "त्या मुलाच्या आजीचा फोटो बघितला. काय करारी नजर आहे. अशी माणसं आता राहिली नाहीत."

मी म्हटलं, "नाही राहिली."

तर मेलेल्याचे डोळे कुणाच्याही लक्षात नसतात, हे मी तेव्हा धरून चाललो होतो.

त्या दिवशी टेबलावर ठेवलेल्या माणसाचं नाव भगवान सुरवसे. कावीळ होऊन गेला होता, त्याला वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला फोटो लावायचा होता. काम घेऊन आला होता त्याचा थोरला भाऊ हरिदास. धान्याची अडत होती त्याची, आवाजही अडतीतला. समोर एकच माणूस असला तरी लिलावात बोलल्यासारखा बोलायचा. आणि दाराजवळच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन, भगवानची बायको बसली होती. इंदुबाई. मूलबाळ नव्हतं. दिराच्या वाड्यामागच्या एका खोलीत राहायची.

"मास्तर," हरिदास म्हणाला, "डोळ्यात दरारा पाहिजे. माझ्या भावाची नजर कशी होती ठावं हाय का? नुसतं बघितलं तर बैल जागच्या जागी उभा ऱ्हायचा."

"बैल आहे अजून?"

"विकला. का?"

"काही नाही. बघून खात्री करता आली असती."

हमीदभाई खोकले. गिऱ्हाइकाची चेष्टा करायची नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो मोडला की ते खोकत.

"भगवान घरात शिरला की घरातला भांड्याचा आवाज बंद व्हायचा," हरिदास म्हणाला. "असला वचक. तो फोटोत उतरला पाहिजे."

मी सवयीने बाकाकडे वळून विचारलं, "बाई, तुम्ही सांगा. डोळे कसे होते?"

इंदुबाईंनी पिशवीची गाठ सोडली आणि परत मारली. म्हणाल्या, "मिटलेलेच असू द्या."

"डोकं ठिकाणावर न्हाई तिचं अजून," हरिदास म्हणाला. "इंदू, मिटलेला फोटो लावत्यात का कुटं घरात? मास्तर, तिला काय इचारताय. माझं डोळं बघा. आमा दोघा भावांचं डोळं एकच. आई म्हणायची, एकाचं काढून दुसऱ्याला बसवलं तरी कळायचं न्हाई."

आणि तो फोटो काढायच्या स्टुलावर जाऊन बसला. मागे हमीदभाईंचा पडदा होता. त्यावर तळं, तळ्यात हंस, आणि लांबवर ताजमहाल. हंसांच्या पुढ्यात हरिदास गुडघ्यांवर हात ठेवून माझ्याकडे रोखून बघू लागला.

मला पहिल्यांदाच जिवंत नमुना मिळाला होता. मी कागद घेतला आणि काढू लागलो. डोळे लहान होते, पण वरची पापणी बुबुळावर जड उतरलेली. त्यामुळे माणूस बघतोय की काही ठरवतोय, ते कळत नव्हतं. पांढऱ्या भागात खालून जरा जास्त पांढरं. मोठं छान काम होतं. चित्रकाराला असं काही समोर आलं की तो डोळ्याचा मालक कोण ते बघत नाही.

मधेच हरिदासने मान न हलवता नजर फक्त बाकाकडे वळवली. "चहा सांग गं तिकडं," म्हणाला. इंदुबाई उठल्या, बाहेर गेल्या, चहा सांगून आल्या. येताना त्या पडद्याच्या कडेकडेने, भिंतीला धरून आल्या. स्टुडिओ चांगला ऐसपैस होता, मधून यायला भरपूर जागा होती. मी ते बघितलं आणि काढत राहिलो.

दोनतीन दिवसांत फोटो तयार झाला. एवढं चांगलं काम मी आधी केलं नव्हतं. हमीदभाई डार्करूममधून हात पुसत आले, फोटोपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, हा तर उधारी मागायला आल्यासारखा बघतोय." त्यांच्याकडून ही मोठी तारीफ होती. गोसावी सरांना मी त्या फोटोपुरती सुट्टी दिली होती.

बाजारच्या दिवशी इंदुबाई एकट्याच आल्या. पिशवीत भाजी होती. मेथीची पेंडी बाहेर डोकावत होती. हमीदभाई आत डार्करूममध्ये होते, लाल दिवा लागला होता.

"झाला का फोटो?"

"झाला. बसा. बघायचाय?"

त्या हंसांच्या पुढ्यातल्या स्टुलावर बसल्या. मी फोटो उचलला आणि त्यांच्याकडे वळवून धरला.

त्या उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, "बसा की."

"बरी हाय."

माझा सगळा जन्म वर्गात शिरण्यात गेला आहे. माणूस मान देऊन उठतं तेव्हा त्याचा चेहरा आधी वर येतो. भिऊन उठतं तेव्हा पाय आधी उठतात, चेहरा मागाहून येतो, आणि कधी कधी येतच नाही. इंदुबाईंचा आला नव्हता. त्या खाली फरशीकडे बघत होत्या, आणि मांडीवरची पिशवी पोटाशी धरलेली होती.

मी फोटो टेबलावर पालथा घातला. त्या बसल्या.

"डोळे जमलेत का?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"तेच हायत."

"हरिदासरावांचे बघून काढले."

"व्हय. तेच हायत." मग म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं त्या डोळ्यांवरच माझा दिवस जायचा, मास्तर. दारातनं आत आलं की आधी डोळं बघायचं. मग ठरवायचं, बोलायचं का न्हाई. ताट वाढायचं का थांबायचं. कोपऱ्यात ऱ्हायचं का भाईर जायचं. कधी चुकायचं. चुकलं की मग चुकलंच."

कालवणात मीठ किती घालायचं ते सांगावं तसं त्या सांगत होत्या. रडल्या नाहीत. माझ्या हातात ब्रश होता, तो मी पाण्यात हलवत होतो.

"आता वर्स झालं," त्या म्हणाल्या. "वर्स बरं गेलं."

बाहेर बाजारातला कुणीतरी कांद्याचा भाव ओरडत होता.

"भावजी म्हणत्यात, फोटो माझ्याच खोलीत लावायचा. समोरच्या भिंतीला. खिळा मारून ठेवलाय."

"त्यांच्या वाड्यात लावता येईल की. सोप्यात."

"तिकडं नवा रंग दिलाय."

हे कारण मला पटण्यासारखं होतं. सुरवश्यांच्या सोप्याचा तो रंग मी बघितला होता, पोपटी.

"मिटता येत न्हाईत का?" इंदुबाईंनी विचारलं.

"खरवडून झालेत आता. आणि मिटले तर हरिदासराव घेणार नाहीत."

"मग मी एका अंगाला बसंन. तिकडं कोपऱ्यात सरकंन."

मास्तर माणूस. समोरच्याला चुकीचं काही वाटतंय असं दिसलं की तोंड आपोआप सुरू होतं. मी खडू हातात असल्यासारखा समजावू लागलो, "तसं नाही होत. फोटोतला माणूस सरळ समोर बघत असला ना, की खोलीत कुठेही जा, तो आपल्याकडेच बघतो. डावीकडे गेलं तरी, उजवीकडे गेलं तरी. ही गंमत आहे चित्राची."

"कुठंबी?"

"कुठेही."

"आन त्याच्या खाली?"

"अगदी खाली, भिंतीला टेकून बसलं तर फोटोच दिसत नाही. पण तिथे कोण बसतंय."

त्यांनी मान हलवली. वर्गात ज्या पोराला कळलेलं असतं ते जशी हलवतं, तशी.

मग मीच म्हटलं, "नजर बाजूला वळवता येईल. बुबुळं थोडी सरकवली की झालं. मग तो कुणाकडेच बघत नाही. तुम्ही कुठेही असा."

"मग तसं करा."

"कुठे बघायला लावू?"

"कुठंबी," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं सोडून." आणि मेथीची पेंडी आत दाबून निघून गेल्या.

हमीदभाईंनी कुरकुर करत दुसरा प्रिंट काढून दिला. मी भगवान सुरवशाची नजर वळवली, वरती आणि जरा उजवीकडे. तेवढ्याने माणूस पार बदलला. आधी तो हिशोब चुकता करायला आलेला होता, आता त्याला स्टेशनात शिरणारी गाडी लांबूनच दिसली होती आणि पोचवायला कुणी आलं नव्हतं.

हरिदास आला. फोटो हातात घेऊन उजेडात गेला, परत आला.

"ह्यो कुटं बघतोय?"

"लांब," मी म्हटलं.

"लांब काय हाय?"

मी उत्तर तयार ठेवलं होतं. म्हटलं, "हरिदासराव, मोठ्या माणसांचे फोटो असेच असतात. पंचायतीत बघा, बँकेत बघा. एकही पुढारी सरळ तुमच्याकडे बघत नाही. सगळे लांब, भविष्याकडे बघतात. भगवानरावांना मी त्या पंक्तीत बसवलंय. बाहेरचं माणूस घरात आलं की त्याला वाटेल, इथलं कुणीतरी आमदार होतं."

हमीदभाई खोकले.

हरिदासने फोटो परत एकदा लांब धरून बघितला. क्षणभर मला वाटलं, लागलं. मग तो म्हणाला, "मास्तर, पुढारी लांब बघत्यात, कारण जवळ बघितलं तर देणेकरी दिसत्यात. माझा भाऊ घरातला माणूस व्हता. घरातल्या माणसानं घरात बघाया पायजे." फोटो टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट टेकवलं, दोन्ही बुबुळांच्या मधोमध. "समोर. कोण काय करतंय ते दिसलं पायजे त्याला. एकटी बाई ऱ्हाती तिथं. वर कुणाचं तरी ध्यान हाय, एवढं तिला वाटलं पायजे. मी काय दिसभर हाय का घरात?"

आयुष्यात मी बऱ्याच लोकांना टोले दिले. नंतर तर पेपरातून दिले, आणि लोक हसले. पण या माणसाला द्यायला त्या वेळी माझ्याकडे काही नव्हतं. चेष्टा तिथेच चालते जिथे समोरच्याला आपण काय बोललो ते कळल्यावर थोडी तरी लाज वाटते. हरिदास आनंदाने बोलत होता.

तो गेल्यावर हमीदभाई म्हणाले, "मास्तर, गिऱ्हाईक तो आहे."

"हो."

"ती आली होती ना परवा? दरवाजा पातळ आहे आपला."

"हो."

"मग?"

"मग काही नाही. पहिला प्रिंट द्या."

पहिला प्रिंट तयारच होता. मी त्यावर शेवटचा हात फिरवला. खालच्या पापणीला ओल हवी होती, ती दिली. खांद्यावरचं राहिलेलं एक बोट काढलं. काम उत्तम झालं. मला वाईट वाटतंय का, हे मी दोनदा थांबून बघितलं. तसं काही आढळलं नाही. भजी गार झाली होती, तेवढं वाटलं. घरी गेल्यावर ही म्हणाली, "हात धुतलेत का?" मी म्हटलं, "धुतलेत." आणि जेवलो.

वर्षश्राद्धाच्या दिवशी हरिदासने मला फोटोबरोबर बोलावलं. फोटो सरळ टांगायला ड्रॉइंगमास्तरासारखा दुसरा माणूस नाही, असं त्याचं मत होतं. पिंड, पान वगैरे आटोपलं होतं. वाड्यात पंगत उठत होती. आम्ही मागच्या खोलीत गेलो, हरिदास, मी, आणि हार हातात घेऊन इंदुबाई.

खोली एवढीशी. एका अंगाला दार, दाराशेजारी पाण्याचा माठ, कोपऱ्यात वातीचा स्टोव्ह आणि पत्र्याच्या फळीवर भांडी. भांडी अशी घासलेली की ताटात तोंड बघून भांग पाडावा. समोरच्या भिंतीत खिळा वाट बघत होता. मी खुर्चीवर चढलो. गोसावी सर तिथे नव्हते आणि शिडीही नव्हती. फोटो टांगला, एका डोळ्याने बघून सरळ केला, उतरलो.

भगवान सुरवसे खोलीत बघू लागला. माठाकडे गेलो तर माझ्याकडे बघत होता. दाराशी गेलो, तिथेही. मी शिकवलं होतं तसंच.

"आता कसं," हरिदास म्हणाला. "आता घरात माणूस हाय असं वाटतंय. घाल हार."

इंदुबाईंनी खुर्चीवर चढून हार घातला. घालताना डोळे मिटले होते. हरिदासला वाटलं असावं, नमस्कार करते. मग त्या उतरल्या, कोपऱ्यात गेल्या, स्टोव्ह दोन्ही हातांनी उचलला आणि आणून बरोबर फोटोच्या खाली, भिंतीला चिकटवून ठेवला. परत गेल्या, पाट आणला. परत गेल्या, पोळपाट आणि परात आणली. मग फोटोच्या पोटाशी, भिंतीला पाठ लावून, पाटावर बसून बघितलं. उठल्या, पाट बोटभर मागे सरकवला, पुन्हा बसल्या.

"हे काय आणि?" हरिदास म्हणाला. "स्टोव्ह तिकडं व्हता की."

"तिकडं वारं लागतं."

"आजपातुर न्हाई लागलं ते?"

"लागत व्हतं," इंदुबाई म्हणाल्या.

हरिदासने माझ्याकडे बघितलं, जणू चित्रकलेचा यात काही नियम असेल तर मी सांगावा. मी छताकडे बघत होतो.

"अगं काजळी धरंल काचंवर. एवढा पैका घालून फोटो केला."

"पुसत जाईन."

"रोज?"

"रोज."

बाहेरून कुणीतरी अण्णा म्हणून हाक मारली, पंगतीत तूप संपलं होतं. हरिदास गेला. मी चप्पल शोधू लागलो. इंदुबाईंनी काडी ओढली, स्टोव्ह पेटवला, वात जरा जास्तच वर केली आणि म्हणाल्या, "मास्तर, चहा घेऊन जावा."

मी घेतला. कपबशी माझ्यापुढे ठेवताना आवाज झाला, तो त्या खोलीत मोठा वाटला.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. माझी बदली पंढरपूर रस्त्यावरच्या एका शाळेत झाली. हमीदभाई गेले, त्यांचा मुलगा रंगीत फोटो काढू लागला. जिवंत माणसंच एवढे फोटो काढून घेऊ लागली की मेल्यावर कुणाला काही नडेना, आणि माझा जोडधंदा बंद झाला. मग मी पेपरात लोकांच्या खोड्या काढू लागलो. तेही कसब जुनंच होतं, डोळेच काढायचे, फक्त शाईने. निवृत्त झाल्यावर एकदा पेन्शनच्या कामासाठी कुर्डुवाडीला उतरलो. भूक लागली होती. स्टेशनाबाहेर एकाला विचारलं, चांगलं जेवण कुठे मिळेल. तो म्हणाला, "मावशीच्या खाणावळीत जावा. सुरवश्यांच्या वाड्यामागं."

तीच खोली. शेजारची भिंत पाडून दुसरी खोली तिला जोडली होती. रेल्वेतले कामगार ओळीने जेवत होते, ताटांचा, वाट्यांचा, तांब्यांचा नुसता कल्लोळ चालला होता. इंदुबाई आता केस पांढरे झालेल्या, अंगाने भरलेल्या. आपल्या त्याच जागी बसून भाकरी थापत होत्या, भिंतीला पाठ लावून. एका स्टोव्हचे तीन झाले होते. फळीवरची भांडी पूर्वीसारखीच लखलखत होती, आता चारपट.

त्यांनी मला ओळखलं. "मास्तर," म्हणाल्या, "टेका. शेंगाची चटणी देऊ का ठेचा?"

"दोन्ही."

मी ताट घेऊन बसलो तो त्यांच्या बरोबर समोर. सवयीने वर बघितलं. खिळ्यावर चौकट होती. आत काच होती की पाटी, ते सांगता आलं नसतं. वरून खालपर्यंत काळी, तेलकट, जाड. कडेला हाराची वाळकी दोरी लोंबत होती.

"हरिदासराव कसे आहेत?" मी विचारलं.

"हायत. गुडघं गेलं. जेवायला हितंच येत्यात दोन्ही टायमाला. सुना करत न्हाईत." भाकरी तव्यावर टाकत त्या म्हणाल्या, "काच पुसा म्हणत्यात. राहूनच जातंय बघा, मास्तर. कामाचा रगाडा."

"राहू द्या," मी म्हटलं.

माझ्या शेजारी एक नवीन लागलेला पोरगा जेवत होता, लाईनवरचा, नाशिककडचा असावा. पहिलाच दिवस असणार, सगळीकडे बघत होता. त्याने मान वर करून चौकटीकडे बघितलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

"मावशी," तो म्हणाला, "हा फोटो कुणाचा आहे? काही दिसत नाही."

"आमच्या मालकांचा."

"मग असा का?"

इंदुबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि त्याच्या ताटात दुसरी टाकली.

"झोपल्यात," त्या म्हणाल्या. "तू जेव."